हळदीचा दाखला

रेल्वेत रुळांच्या देखभालीचे काम करणाऱ्या माणसाने हळदीवर लेख का लिहावा, असे वाचकांना वाटेल. कारण सांगतो. आमच्या खात्यात एक नियम नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकवला जातो : जे मेजरमेंट बुकात चढले नाही, ते काम झालेच नाही. कंत्राटदाराच्या माणसांनी उन्हात उभे राहून दोनशे स्लीपर बदलले, मुकादमाने आपल्या डोळ्यांनी पाहिले, गाड्या त्यावरून धावूही लागल्या. पण बुकात नोंद नसेल तर बिल नाही, आणि ऑडिटच्या हिशेबाने जुने स्लीपर अजून तिथेच पडलेले आहेत. डिप्लोमा करून नवा नवा कामाला लागलो तेव्हा हे मला विचित्र वाटे. पुढे हळदीच्या पेटंटची हकिकत सविस्तर वाचनात आली, तेव्हा कळले की अमेरिकेचे पेटंट कार्यालयसुद्धा जवळजवळ याच नियमाने चालत होते, आणि त्यात आपल्या आजीची हळद अडकली होती.

हकिकत अशी. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५४,०१,५०४ क्रमांकाचे एक पेटंट मंजूर केले. विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग. पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरच्या नावे होते आणि संशोधक होते सुमन दास व हरिहर कोहली. नावांवरून लक्षात येईल की दोघेही मूळचे आपल्याकडचेच. हळदीची पूड जखमेवर लावली किंवा पोटात दिली, तर बरी न होणारी जखम भरून येते, आणि ही पद्धत नवीन आहे, असा त्यांचा दावा होता.

नवीन! विळीवर बोट कापले की आई डब्यातली चिमूटभर हळद दाबते, हे ज्याने पाहिले नाही असा मराठी माणूस शोधूनही सापडायचा नाही. आमच्या गँगमध्ये कोलारकडचे एक जुने ट्रॅकमन होते. कोणाच्या हाताला लोखंड लागले की ते डब्याच्या पिशवीतून पुडी काढत आणि म्हणत, "अरिशिन हच्ची." म्हणजे हळद लावा. (धनुर्वाताचे इंजेक्शन त्यानंतर घ्यायला लागायचेच, हे तरुण मंडळींनी लक्षात ठेवावे. गंजक्या लोखंडापुढे हळदीचा भरवसा धरू नये.) सांगली, मिरज, वाळवा भागातून आलेल्या आपल्या मंडळींना तर हळद म्हणजे नुसते औषध नव्हे, घरचा पैसा. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळदीची पोती उतरवताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हळद 'नवीन' म्हणणाऱ्याचे हसूच येईल.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. त्या काळात वर्तमानपत्रांनी आणि भाषणबाजांनी असे चित्र उभे केले, की आता हळद लावायची तर अमेरिकेला पैसे मोजावे लागणार. तसे नव्हते. अमेरिकेचे पेटंट अमेरिकेच्या हद्दीतच चालते. होसकोट्याच्या संतेत हळद विकणाऱ्या बाईला त्याचा काडीचा त्रास झाला नसता. त्रास झाला असता तो जखमेसाठी हळदीचे तयार औषध करून अमेरिकेत विकू पाहणाऱ्याला. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट तत्त्वाची होती. एकदा हळद निसटली असती तर माका, आघाडा, गुळवेल, अडुळसा यांना कोण विचारतो? गणपतीला आपण जी एकवीस प्रकारची पत्री वाहतो, त्यातली बरीच पाने औषधी आहेत. एकेका पानावर एकेक अर्ज आला असता.

त्या वेळी दिल्लीत वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातले माशेल हे त्यांचे गाव, पण वाढले मुंबईत, गिरगावात, अतिशय हलाखीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद सांभाळून ते १९९५ साली दिल्लीला गेले होते. त्यांनी ठरवले की निषेधाची पत्रके न काढता अमेरिकेच्या कायद्यानेच हे पेटंट पाडायचे. ऑक्टोबर १९९६ मध्ये सीएसआयआरने पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणीचा अर्ज केला.

आता मेजरमेंट बुकाची गोष्ट येते. कोणत्याही देशात पेटंट मिळायला शोध नवीन असावा लागतो. पण 'नवीन' कशाला म्हणायचे याची व्याख्या त्या वेळी अमेरिकेत मजेशीर होती. एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांना माहीत असेल किंवा वापरात असेल, तर ती जुनी. परदेशात मात्र ती नुसती माहीत असून किंवा वापरात असून भागत नसे. ती तिथे पेटंट झालेली किंवा छापलेली असली पाहिजे. म्हणजे शंभर कोटी लोक रोज हळद लावत असले तरी कायद्याच्या डोळ्यांना ते दिसत नव्हते. एक छापील पान दिसत होते. (हा भेद अमेरिकेने २०११ च्या कायद्याने काढून टाकला आणि तो बदल मार्च २०१३ पासून अमलात आला. परदेशातला उघड वापरही आता तिथे जमेस धरला जातो.)

तेव्हा शोध सुरू झाला तो कागदांचा. सीएसआयआरच्या लोकांनी संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथ धुंडाळले आणि एकूण ३२ संदर्भ गोळा केले. त्यातले काही शंभर वर्षांपेक्षा जुने होते. त्यांची भाषांतरे करून जोडली. त्या गठ्ठ्यात एक कागद असाही होता, जो कोणत्याही अमेरिकन परीक्षकाला सहज वाचता आला असता : इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली इंग्रजीत छापलेला लेख. हा लेख बेचाळीस वर्षे ग्रंथालयांच्या कपाटात होता. पेटंट देताना तो पाहिला गेला नाही, एवढेच.

पुढचा वाद वाचण्यासारखा आहे. विद्यापीठाने लढण्यात रस घेतला नाही. संशोधकांनी बाजू मांडली ती अशी, की भारतीय ग्रंथांत हळदीचा लेप सांगितला आहे, आम्ही पूड म्हणतो. लेप आणि पूड यांचे गुणधर्म वेगळे, शरीरात शोषले जाणे वेगळे, म्हणून आमचे नवीनच. आपल्या घरात कोणी असा युक्तिवाद केला असता, तर आजीने त्याच्या हातात पूड आणि पाण्याची वाटी ठेवली असती. परीक्षकानेही तो मानला नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटातील सहाही दावे फेटाळले गेले आणि एप्रिल १९९८ मध्ये त्याचे अंतिम प्रमाणपत्र निघाले. विकसनशील देशाच्या पारंपरिक ज्ञानाच्या जोरावर अमेरिकेचे पेटंट पडण्याची ही पहिलीच वेळ म्हणून तिचा गाजावाजा झाला. वर्तमानपत्रांनी तिला हळदीघाटीची लढाई म्हटले. नाव झकास होते, पण महाराणा प्रतापांच्या लढाईचा निकाल काय लागला होता हे शीर्षक देणाऱ्याच्या लक्षात नसावे.

याच सुमारास युरोपात कडुनिंबाचा खटला चालू होता, आणि त्यात आपल्या सांगली-पुण्याचा संबंध कसा आला हे फार थोड्यांना माहीत आहे. डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकन कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना कडुनिंबाच्या बियांच्या तेलाने पिकांवरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे पेटंट १९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने दिले. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्वोएट आणि सेंद्रिय शेतीवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९९५ मध्ये त्याला हरकत घेतली. युरोपचा कायदा अमेरिकेपेक्षा उदार होता. तिथे कागदच लागतो असे नाही. जगात कुठेही तोंडी सांगितलेले किंवा उघड वापरलेले चालते, पण ते सिद्ध करता आले पाहिजे. आणि सिद्ध करण्यासाठी जो पुरावा पुढे आला त्यात महाराष्ट्रातल्या एका कृषी उद्योगातील फडके नावाच्या गृहस्थांची साक्ष होती. पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात शेतांवर कडुनिंबाच्या अर्काच्या चाचण्या झाल्या होत्या, असे त्यांनी म्युनिकला जाऊन सांगितले. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले. कंपनीने अपील केले, तेही ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले. दहा वर्षे लागली. एका साध्या पेटंटासाठी दहा वर्षे आणि तेही जिंकण्याची हमी नसताना, ही गोष्ट विसरता कामा नये.

हे दोन्ही खटले वाचताना माझ्या मनात येत राहिले, की आपल्याकडे लिहून ठेवण्याची सवय खरोखर नव्हती का? होती. फक्त ती विखुरलेली होती. आपण दक्षिणेत राहणाऱ्या मराठी माणसांनी तर यातली दोन उदाहरणे माहीत करून घ्यायलाच हवीत.

पहिले उदाहरण आपल्या दारातूनच निघते. होस म्हणजे नवे आणि कोटे म्हणजे किल्ला. हे होसकोटे १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. बेंगळुरू, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे हे त्याच जहागिरीचे भाग. शहाजीराजांचे धाकटे पुत्र एकोजी, म्हणजे व्यंकोजीराजे, इथूनच पुढे १६७५ च्या सुमारास तंजावरला गेले आणि तिथे मराठ्यांचे राज्य सुरू झाले. त्याच घराण्यात दुसरे सरफोजी झाले, १७९८ ते १८३२. त्यांच्या हाती राज्य असे उरले नव्हते. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला, राजाकडे किल्ला आणि तनखा. पण या माणसाने त्या तनख्याचे काय केले पाहा. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेला हा राजा इंग्रजीसह अनेक भाषा जाणत होता. त्याने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले आणि 'धन्वंतरी महाल' ही संस्था उभारली. तिथे वैद्य, सिद्धवैद्य, हकीम आणि युरोपीय वैद्यक जाणणारे, सगळे एकत्र काम करीत. औषधे तयार करून रोग्यांना देऊन पाहत, आणि गुण आला की नाही ते नोंदवत. अनुभवाला उतरलेले उपाय तमिळ कवींकडून पद्यात बांधून घेतले गेले, म्हणजे लोकांच्या तोंडी राहावेत. ते 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने ओळखले जातात आणि विसाव्या शतकात सरस्वती महालाने ते छापूनही काढले. डोळ्यांच्या रोग्यांचे तर स्वतंत्र कागद आहेत : रोग्याची हकिकत, केलेले उपचार आणि डोळ्याचे रंगीत चित्र. आमच्याकडे रुळाला तडा गेला की जागेचा नकाशा काढून रिपोर्टला जोडतात, त्याचीच आठवण होते. दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाने केस पेपर ठेवायला लावले होते.

दुसरे उदाहरण कोचीनचे. एकोजी तंजावरात स्थिरावत होते, त्याच सुमारास कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ तयार करत होता. 'हॉर्टस मलाबारिकस' हा तो ग्रंथ अ‍ॅम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत छापला गेला. त्यात ७४२ वनस्पती आहेत. माहिती कोणाची? इट्टी अच्युतन हा मल्याळी ईळव वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य. गोव्यातून कोचीनला गेलेल्या सारस्वतांपैकी हे लोक. ऱ्हीडने केलेली गोष्ट अशी, की पहिल्याच खंडात या चौघांचे दाखले छापले. तिघा भटांचा दाखला कोंकणी भाषेत, नागरी अक्षरांत आहे, आणि त्याच्यावर १६७५ सालची तारीख आहे. छापील पानावर आलेल्या नागरी अक्षरांच्या अगदी जुन्या नमुन्यांत तो गणला जातो. माहिती कोणी दिली हे नावानिशी, त्यांच्या भाषेत, त्यांच्या लिपीत. नंतरच्या अडीच-तीनशे वर्षांत कितीतरी गोऱ्या आणि काळ्या संशोधकांनी आपल्या वैदूंकडून माहिती घेतली. त्यातल्या किती जणांनी एवढी साधी सचोटी दाखवली?

सर्पगंधेचे पाहा. वेड, रक्तदाब, निद्रानाश यांवर ही मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर ती काळजीपूर्वक वापरून पाहिली आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. मग जगाचे लक्ष गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले आणि 'सर्पासिल' या नावाने ते औषध जगभर गेले. इथे मी सिबाला चोर म्हणणार नाही. मुळीतून नेमके द्रव्य वेगळे करणे, त्याची मात्रा ठरवणे, हे अस्सल नवे काम आहे आणि वैदूला ते करता आले नसते. पण कुठली मुळी उकरायची हे सिबाला कोणी सांगितले? हजारो झाडांतून एक निवडण्याचे काम आधीच झालेले होते, फुकट. रेल्वेच्या भाषेत बोलायचे तर सर्व्हे एकाने केला आणि लाइन टाकल्याचे श्रेय दुसऱ्याला मिळाले. सर्व्हे करणाऱ्याच्या नावाचा दगड कुठेच नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच मातीतल्या माणसाचे आहे. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठातून शिकून अमेरिकेला गेले. तिथे नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन आणि १९७१ साली यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल ही कर्करोगावरची द्रव्ये शोधली. २०२० साली ते वारले तेव्हा आपल्याकडे किती वर्तमानपत्रांत ओळ आली कोण जाणे. पण मला सांगायचे आहे ते पुढचे. तेच कॅम्पटोथेसिन सह्याद्रीतल्या 'नरक्या' या झाडात आहे, हे १९७२ साली गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी दाखवले. १९९६ मध्ये त्यापासून बनवलेल्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. आणि मग सह्याद्रीत कोल्हापूर, सिंधुदुर्गाच्या जंगलांत कुऱ्हाडी पोचल्या. दुर्गंधीमुळे ज्या झाडाला गावकऱ्यांनी नरक्या म्हटले, ज्याला कोणी हात लावत नव्हता, ते पोत्यांनी वाहून गेले. इथे पेटंटाचा कायदा काहीच करू शकत नव्हता, कारण चोरीला गेले होते झाड.

हळदीच्या निकालाने सरकारला एक धडा मिळाला, की प्रत्येक खटल्याला नव्याने ग्रंथ धुंडाळत बसणे परवडणार नाही. म्हणून २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारायला घेतले. सीएसआयआर आणि आयुष खाते यांचे हे काम. आयुर्वेद, युनानी, सिद्ध, योग यांच्या ग्रंथांतले एकेक श्लोक, एकेक पाठ उचलून त्याचे इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी या भाषांत रूपांतर केले, आणि पेटंटवाल्यांच्या वर्गवारीत बसेल असे क्रमांक दिले. 'हरिद्रा' म्हटले की म्युनिकमधल्या परीक्षकाला ते कोणते झाड हे लगेच दिसते. २००९ मध्ये युरोपीय आणि अमेरिकन कार्यालयांशी करार झाले. आज त्यात साडेचार लाखांच्या आसपास नोंदी आहेत. आता खटला लढावा लागत नाही. अर्ज तपासतानाच परीक्षक ग्रंथालय उघडतो, पुरावा समोर ठेवतो आणि पुष्कळ अर्जदार स्वतःच माघार घेतात. हा खरा इंजिनिअरिंगचा उपाय आहे. गाडी घसरल्यावर क्रेन बोलावण्यापेक्षा रूळ आधी तपासलेले बरे.

पण इथेच मला एक प्रश्न पडतो, आणि तो या लेखाचे कारण आहे. ग्रंथात आहे ते वाचले. ग्रंथात नाही त्याचे काय? आपल्या प्रत्येकाच्या गावाकडे हाड बसवणारा, कावीळ उतरवणारा, जनावरांची औषधे देणारा एखादा वैदू, धनगर, ठाकर किंवा कातकरी होता. त्याचे ज्ञान चरकात नाही आणि सरस्वती महालातही नाही. ते त्याच्या मुलाने शिकले नाही तर संपले.

केरळात एकदा हा हिशेब नीट करण्याचा प्रयत्न झाला. १९८७ साली अगस्त्यमलैच्या डोंगरात तिरुवनंतपुरमच्या वनस्पती उद्यानाचे शास्त्रज्ञ हिंडत असताना बरोबरचे काणी आदिवासी वाटाडे एक काळसर फळ खात आणि थकत नसत. बरीच मनधरणी केल्यावर त्यांनी झाड दाखवले : आरोग्यपच्चा. त्यातून 'जीवनी' हे औषध तयार झाले. १९९५ च्या सुमारास कोइम्बतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला दहा लाख रुपये आणि विक्रीवर शेकडा दोन रॉयल्टी या अटीवर परवाना दिला गेला आणि त्यातला निम्मा हिस्सा काणींना द्यायचे ठरले. १९९७ मध्ये त्यासाठी काणींचा ट्रस्ट नोंदवला गेला. जगभर हे उदाहरण गाजले. मात्र सर्व काणी खूष नव्हते. त्यांच्यातल्या परंपरागत वैद्यांनी आधीच हरकत घेतली होती, की हे ज्ञान जमातीच्या वैद्यांचे, दोघा-तिघा वाटाड्यांना ते देण्याचा अधिकार कोणी दिला? शिवाय ती वनस्पती वनहद्दीत लावण्या-तोडण्यावरून वनखात्याशी खटके उडाले. तरीही मी म्हणेन, की इथे निदान हिशेबाची वही उघडली गेली.

२००२ साली आपल्याकडे जैवविविधता कायदा झाला. भारतातल्या जैविक संपत्तीवर आधारित शोधाचे पेटंट घ्यायचे तर राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी आणि लाभातला वाटा, हे त्यात आले. भारतीय कंपन्या म्हणू लागल्या की वाटा परदेशी कंपन्यांनी द्यायचा, आम्ही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या खटल्यात सांगितले, की वाटा भारतीय कंपन्यांनीही द्यायचा आहे. मग २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना आणि नोंदणीकृत आयुष वैद्यांना लाभाच्या वाटपातून मोकळे केले गेले. म्हणजे गंमत पाहा : ज्या लेखी नोंदीने १९९७ मध्ये हळद वाचवली, त्याच लेखी नोंदीमुळे आता ते ज्ञान 'सगळ्यांचे' ठरते आणि कोणाला काही देणे लागत नाही. ग्रंथावर कोणा एकाची मालकी सांगता येत नाही, हा युक्तिवाद मला कळतो. पण ग्रंथातली मुळी अजूनही जंगलातून कोणीतरी खणून आणतो, आणि वाटा जाऊ शकला असता तर त्याच्या गावाला गेला असता. त्याचे मला वाईट वाटते.

मे २०२४ मध्ये जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सभासद देशांनी एक करार मंजूर केला. पेटंट मागणाऱ्याने वनस्पती कोणत्या देशातली आणि ज्ञान कोणत्या समाजाचे, हे अर्जातच जाहीर करायचे, असा त्याचा गाभा आहे. पंधरा देशांनी अधिकृत मान्यता दिल्यावर तो लागू होतो. ऱ्हीडने १६७५ चे दाखले छापले, तेच हे काम, साडेतीनशे वर्षांनी.

आपल्या बेंगळुरूत या विषयावर फार मोलाचे काम झाले आहे. दर्शन शंकर या गृहस्थांनी १९८० च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या कर्जत भागात आदिवासींच्या औषधी ज्ञानावर काम केले. (कर्जत म्हटले की आम्हा रेल्वेवाल्यांना भोर घाटाला जोडली जाणारी मागची इंजिने आठवतात, आणि बाकीच्यांना बटाटेवडा.) तिथून ते बेंगळुरूला आले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्थानिक आरोग्य परंपरांसाठी एफआरएलएचटी ही संस्था उभी राहिली. येलहंक्याजवळ तिचे आवार आहे, तिथे औषधी वनस्पतींचा वाळवलेल्या नमुन्यांसह मोठा संग्रह आहे, आणि पुढे त्यातूनच एक विद्यापीठ झाले. गावोगाव लोकांची जैवविविधता नोंदवही करण्याच्या पहिल्या प्रयत्नांत या संस्थेचा वाटा होता. इथल्याच भारतीय विज्ञान संस्थेत अनेक वर्षे काम केलेले पुण्याचे डॉ. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना देशभर रुजवली. कायद्याने आता प्रत्येक ग्रामपंचायतीची अशी नोंदवही असते. तिच्यात गावातल्या वैदूंची नावे लिहायला स्वतंत्र तक्ता आहे, आणि ज्याला आपले औषध उघड करायचे नसेल त्याची माहिती गुप्त ठेवण्याची सोयही आहे. पुष्कळ पंचायतींत ही वही एखाद्या कंत्राटी माणसाने शेजारच्या गावाची नक्कल करून भरलेली असते, हे मला माहीत आहे. मोजमाप न घेता भरलेले मेजरमेंट बुक मी पाहिलेले आहे, त्यामुळे ते ओळखू येते.

गणपती आटोपून दिवाळीला आपल्यापैकी बरेच जण गावी जातील. मिरज, निपाणी, चिकोडी, कराड, कोकण, जिथे जाल तिथे ग्रामपंचायतीत ही वही मागून पाहा. आपल्या गावच्या वैदूचे नाव त्या तक्त्यात आहे का तेवढे बघून यायचे. आणि माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांचे मोडीतले औषधांचे बाड असेल, तर ते रद्दीत घालण्याआधी पानापानाचा फोटो काढून ठेवावा. मोडी वाचणारी दोन-तीन ज्येष्ठ मंडळी आपल्या मंडळात आहेत. आरतीनंतर भेटलात तर गाठ घालून देईन.